पोस्ट निघाली, आता पुढे काय?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 31. सहा वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास केला, चौथ्या प्रयत्नात नायब तहसीलदार म्हणून निवड झाली. गावात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला, चौकात फ्लेक्स लागला. प्रशिक्षण आटोपून तालुक्याला नेमणूक मिळाली, त्यालाही आठ महिने होत आले. "ज्यासाठी सगळं सोडलं ते मिळालं, पण आतून काहीच वाटत नाही. उपजिल्हाधिकारी झालो असतो तर वाटलं असतं का? पुन्हा परीक्षा द्यावी असं रोज मनात येतं. घरचे म्हणतात, लग्न झालं की सगळं ठीक होईल. टिकणारा आनंद असा काही असतो तरी का?"

तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे बरीच येतात. मी पुण्यात मानसशास्त्रीय समुपदेशन करते आणि सदाशिव पेठ, नवी पेठ जवळच असल्यानं स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ज्यांचं होत नाही ते निकालानंतर लगेच येतात. ज्यांचं होतं ते वर्षभरानं येतात, आणि आल्यावर पहिली दहा मिनिटं माफी मागण्यात घालवतात. "मॅडम, खरं तर मला तक्रार करायचा अधिकार नाही." नापास झालेल्याला निदान रडता येतं, लोक समजून घेतात. पास झालेल्यानं उदास असायला आपल्याकडे परवानगीच नाही. त्यामुळे आधीचं रितेपण आणि त्यावर कृतघ्नपणाची टोचणी असं दुहेरी ओझं होतं. दुसरं ओझं आजच खाली ठेवा. तुम्हाला जे होतंय ते सर्वांना ठाऊक असलेल्या यशस्वी माणसांनाही झालेलं आहे. नेमबाज अभिनव बिंद्रानं 2008 साली बीजिंगमध्ये भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो पुढे अनेकदा उघडपणे बोलला आहे. पदकापेक्षा मोठं असं त्याच्या खेळात काही शिल्लकच नव्हतं, तरी ती पोकळी आली. 'वरची पोस्ट मिळाली असती तर' या तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आता ही पोकळी येते कुठून ते पाहू.

अभ्यासाची सहा वर्षं तुम्ही ज्या ध्येयासाठी घालवलीत, ते ध्येय गुपचूप आणखी तीन कामं करत होतं. पहिलं, दिवसाला आकार देण्याचं. सातला अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, चारला टपरीवर चहा, रात्री रूमवर परतताना आज किती धडे झाले याचा हिशेब. दिवस कितीही कंटाळवाणा असला तरी झोपताना कळायचं की आज आपण कालच्यापेक्षा थोडे पुढे आहोत. दुसरं काम माणसांचं. चहाच्या वेळी राज्यघटनेच्या एका प्रश्नावरून तावातावानं भांडणारे चौघं, कॉट बेसिसवर एका खोलीत राहणारे, फॉर्मचे पैसे कमी पडले तर न विचारता भरणारे. तिसरं काम सगळ्यात मोठं, आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. ते ध्येय तुमचं बाकीचं आयुष्य सांभाळून ठेवत होतं. वडिलांशी झालेला अबोला, दुखरी दाढ, अर्धवट सुटलेलं हार्मोनियम, आवडणाऱ्या मुलीशी न झालेलं बोलणं, या सगळ्यावर एकच शिक्का होता: पोस्ट निघाल्यावर बघू.

पोस्ट निघाली त्या दिवशी ही तिन्ही कामं एकदम बंद पडली. मोजमाप गेलं, कारण कचेरीत आज किती पुढे गेलो हे कुणी सांगत नाही, टपाल मात्र रोज तेवढंच येतं. माणसं गेली. अभ्यासिकेच्या ग्रुपवर दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला, मग शुकशुकाट. ज्यांचं झालं नाही त्यांच्याशी काय बोलावं हे तुम्हाला कळेना, आणि तुम्हाला कसा फोन करावा हे त्यांना. आणि 'नंतर बघू' म्हणून ठेवलेलं सगळं सामान एकाच दिवशी दारात येऊन पडलं. एवढं होऊनही माणूस आनंदात नाचत राहील अशी अपेक्षा मुळात ठेवलीच का जाते, हेच मला नवल वाटतं.

यात शरीराचाही वाटा आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात पेटायच्या. थेंबाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिव्यालाच प्रतिसाद द्यायला लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळताना जवळपास गप्प राहू लागल्या. अंदाज केलेली गोष्ट मिळाली तर मेंदूच्या या भागाच्या दृष्टीनं नवी बातमी काहीच नसते. मुख्य परीक्षा चांगली गेली, मुलाखत बरी झाली, उत्तरतालिका ताडून पाहिली, कट-ऑफचा अंदाज बांधला: तुमच्या निकालाचे दिवे आधीच एकामागून एक लागून गेले होते. निकालाच्या दिवशी तुम्हाला जे वाटलं, त्यात बराचसा भाग सुटकेचा असावा. सुटकेचा श्वास एकदाच घेता येतो.

शिवाय आपल्याला पुढे काय वाटेल याचा आपलाच अंदाज बहुतेक वेळा चुकतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 साली टेक्सास विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायम नेमणूक मिळाली तर पुढची काही वर्षं किती सुखात जातील आणि नाकारली गेली तर किती दुःखात, याचे त्या प्राध्यापकांनी अंदाज बांधले होते. ज्यांच्या बाबतीत निर्णय होऊन गेला होता, त्यांच्याकडे पाहिल्यावर मिळालेल्यांच्या आणि न मिळालेल्यांच्या सुखात अंदाजाएवढा फरक दिसलाच नाही. तुमच्या जुन्या रूममेट्सकडेही जरा नीट पाहा. दोन वर्षांपूर्वी यादीत नाव न आल्यानं गावी जाऊन शेतीच्या औषधांचं दुकान टाकणारा एखादा असेलच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करते, कारण या विषयावर बोलणारे वक्ते ती सोयीनं गाळतात. 'ध्येय गाठून काही होत नाही, सगळं मनाचा खेळ' हे खरं नाही. 1978 साली ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या लॉटरी विजेत्यांशी बोलून एक निबंध लिहिला. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी नाहीत, उलट रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा वाटते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो आजही सगळीकडे उगाळला जातो. पण त्या अभ्यासात विजेते फक्त 22 होते. स्वीडनमध्ये हजारो विजेत्यांवर झालेला मोठा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला, त्यात चित्र वेगळं निघालं. मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं एकूण समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलं होतं. रोज किती आनंदी वाटतं, यावर मात्र परिणाम बराच कमी होता.

तुमचं कोडं मला इथे सुटताना दिसतं. 'एकूण आयुष्य कसं चाललंय?' असं विचारलं तर तुमचं उत्तर आज सहा वर्षांपूर्वीपेक्षा नक्की चांगलं आहे. पगार वेळेवर होतो, आईच्या औषधांची चिंता नाही, पावसाळ्यात गळणारं छप्पर नीट झालं. हे सगळं पोस्टनंच दिलं आणि ते टिकेल. पण 'कालचा मंगळवार कसा गेला?' हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पोस्टवर फारसं ठरत नाही. ते ठरतं दुपारचा डबा कुणाबरोबर खाल्ला, हातातलं एखादं काम शेवटाला गेलं का, घरी आल्यावर कुणाशी मोकळं बोलणं झालं का, यावर. पहिल्या प्रश्नात तुम्ही उत्तीर्ण झालात आणि दुसऱ्याचे गुण त्यातच मिळतील असं धरून बसलात. उपजिल्हाधिकारी झालात तरी पहिल्याच प्रश्नाचे गुण वाढतील.

म्हणून मी पहिल्या भेटीत एक काम देते. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तुकड्यांत लिहायचा. प्रत्येक तुकड्यापुढे: काय करत होतो, कोण सोबत होतं, कसं वाटत होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 2004 साली टेक्सासमधल्या 909 नोकरदार स्त्रियांकडून असंच लिहून घेतलं होतं. त्यांच्या दिवसात माणसांच्या सहवासातले तुकडे सगळ्यात वर होते आणि कामावर जाण्या-येण्याचा प्रवास तळाशी. आपल्याकडची पानं फार वेगळी निघत नाहीत. एका तरुण अधिकाऱ्याचं पान मला आठवतं (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). सकाळी गाडीतून कचेरी: एकटा, मोबाइल. दहा ते दीड सह्या: शिपाई फायली आणतो, 'ठीक'. जेवण: केबिनमध्ये एकटा, डबा उघडा, फोनवर लोकसेवा आयोगाच्या बातम्या. दुपारी बैठक: वरिष्ठ रागावले. साडेचारला दालनात आलेल्या एका म्हाताऱ्याच्या वारस नोंदीचं अडलेलं काम तलाठ्याला फोन करून मार्गी लावलं: पुढे लिहिलं होतं 'बरं वाटलं, वीस मिनिटं'. रात्री क्वार्टरवर: एकटा, मोबाइल, बारापर्यंत. अख्ख्या पानावर 'बरं' हा शब्द एकदाच होता, आणि त्या वीस मिनिटांत दोन गोष्टी होत्या: समोर जिवंत माणूस आणि शेवटाला गेलेलं काम.

तुम्हीही आठवडाभर अशी पानं लिहा. मोबाइलमध्ये नको, वहीत. मग पुढच्या गोष्टी बोलता येतील. मी इथे माझ्या अनुभवातून जे बहुधा निघतं ते सांगते.

सगळ्यात आधी माणसं. तालुक्याच्या गावात तुम्हाला आता सगळे 'साहेब' म्हणतात. दिवसभरात 'अरे' म्हणणारं कुणी उरलं नाही, हा तुमच्या एकटेपणाचा मोठा भाग आहे आणि तो पदाबरोबरच आला आहे. वरच्या पदावर तो वाढतो. त्या चहाच्या चौघांपैकी ज्याचं झालं नाही, त्याला फोन करा. मार्गदर्शन करू नका, नोट्स देऊ का विचारू नका, यशोगाथा सांगू नका. त्याचं काय चाललंय ते ऐका आणि तुम्हाला इथे करमत नाही हे खरं सांगा. पहिला फोन अवघडेल. दुसरा कमी अवघडेल. हार्वर्ड विद्यापीठाचा 1938 पासून चालत आलेला एक अभ्यास आहे. काही माणसांना तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आणि पुढे त्यांच्या मुलांनाही त्यात जोडून घेत गेले. इतक्या दशकांच्या माहितीतून पुन्हा पुन्हा पुढे येणारी गोष्ट एवढीच की जवळची, ऊब देणारी नाती असलेले लोक जास्त सुखात आणि जास्त निरोगी राहतात. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की लोक त्यासाठी वेळ काढत नाहीत.

मग काम. नायब तहसीलदाराच्या टेबलावर कंटाळवाणं खूप असतं, हे मी नाकारत नाही. निवडणुकीची कामं, पंचनामे, दाखले, वाळूच्या गाड्यांमागे रात्रीची धावपळ, वरून येणारे दूरध्वनी. पण संजय गांधी निराधार योजनेसारखं काम तुमच्याकडे असेल तर त्यातली काही प्रकरणं स्वतःची माना. एखाद्या विधवेचं 1,500 रुपयांचं मासिक अनुदान हयातीच्या दाखल्यावाचून किंवा आधार आणि बँक खातं न जुळल्यानं अडकतं. ती बाई महिनोन्महिने खेपा घालते. अशी पाच प्रकरणं निवडा आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत स्वतः पाठपुरावा करा. 'प्रकरण मंजूर' या शेऱ्यावर थांबू नका. त्या बाईला समोर बसवून 'जमा झाले का?' विचारण्यापर्यंत जा. हे समाजसेवेचं प्रवचन नाही. अभ्यासाच्या दिवसांत तुम्हाला 'आज एक धडा पुरा झाला' याची गोडी लागली होती, तीच गोडी तुमच्या आताच्या कामात कुठे मिळू शकते, एवढंच मी शोधते आहे. महसूल खात्यात ती मिळते, मात्र फायलीत मिळत नाही, फाइलच्या पलीकडच्या माणसाकडे मिळते.

तिसरं ते 'नंतर बघू'चं सामान. सगळं एकदम उचलायचं नाही. दाढ दाखवून या. गंमत करत नाही, माझ्या यादीत दाढ नेहमी पहिली असते. ते काम एका खेपेत होतं आणि 'आता नंतर नाही' हे त्यातून अंगाला कळतं. हार्मोनियम असेल तर गावातल्या भजनी मंडळात जाऊन बसा, तिथे साहेब म्हणून सत्कार करायला लागले तर आठवडाभरात त्यांची ती सवय मोडते. वडिलांशी बोलणं सर्वांत अवघड, ते शेवटी ठेवा.

कृतज्ञतेची वही, सकाळी उठून दहा चांगल्या गोष्टी लिहिणं, असं काही मी तुमच्यासारख्यांना सहसा देत नाही. कुणाकुणाला त्याचा उपयोग होतो. पण सहा वर्षं अभ्यासक्रम उपसलेला माणूस त्याचाही अभ्यासक्रम करतो. मग 'आज फक्त सातच सुचल्या' म्हणून अपराधी वाटून घेतो. ध्यानाच्या शिबिरांचंही तेच होतं. टिकणारा आनंद हे नवं ध्येय ठरवून त्याच्यामागे लागलात तर पुन्हा त्याच रस्त्यावर याल.

टिकणारा आनंद असतो का, हे तुम्ही विचारलंत. दिवसरात्र चढलेला, कधी न उतरणारा असा आनंद असतो असं मला वाटत नाही, आणि तो असावा असंही वाटत नाही. कुणाचा मृत्यू झाला तर दुःख व्हायला हवं, वरिष्ठ अन्यायानं बोलले तर राग यायला हवा. टिकतात त्या काही जागा, जिथे पुन्हा पुन्हा गेल्यावर बरं वाटतं आणि ज्यांची सवय झाली तरी त्या शिळ्या होत नाहीत. जवळचं माणूस, हातात जमत गेलेलं कौशल्य, कुणाच्या तरी उपयोगी पडणं. रोचेस्टर विद्यापीठातल्या नीमीक, रायन आणि देसी यांनी पदवीनंतर नोकरीला लागलेल्या तरुणांवर एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध केला. पैसा, नाव आणि दिसणं ही ध्येयं गाठल्यावर त्या तरुणांचं स्वास्थ्य वाढलेलं दिसलं नाही, उलट काही त्रासदायक लक्षणं वाढली. वैयक्तिक वाढ, जवळची नाती, इतरांसाठी काही करणं ही ध्येयं साधलेल्यांचं स्वास्थ्य मात्र वाढलं. म्हणजे ध्येय ठेवणं वाईट नाही, कशाचं ठेवलं यानं फरक पडतो. एकाच पदात दोन्ही प्रकार असू शकतात, फ्लेक्सवरचा फोटोही आणि ती वारस नोंदही.

लग्नाबद्दल एकच सांगते. 'लग्न झालं की ठीक होईल' हे वाक्य 'पोस्ट निघाली की ठीक होईल' याचंच पुढचं वाक्य आहे. त्यानंतर 'पुण्यात फ्लॅट झाला की', मग 'मुलगा शाळेत गेला की'. लग्न जरूर करा. पण येणाऱ्या मुलीच्या अंगावर तुमची पोकळी भरण्याचं काम टाकू नका. बघायच्या कार्यक्रमानंतर एकांतात बोलायला मिळालं तर तिला तुमचा हुद्दा ठाऊक असेलच, तुम्हाला इथे एकटं वाटतं हेही सांगून पाहा. तिच्या प्रतिसादावरून पत्रिकेपेक्षा जास्त कळेल.

आता काळजीची बाजू. वरचं सगळं मी तुम्हाला नैराश्याचा आजार नाही असं गृहीत धरून लिहिलं. तसं असेलच असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, झोप पहाटेच उडत असेल, भूक बदलली असेल, फायलीत लक्ष लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात सोय असते. थायरॉइडची तपासणीही त्यांना विचारून करून घ्या, कारण तिथला बिघाडही असाच दिसू शकतो. जगण्यात अर्थ नाही, मरण आलं तर बरं, असा विचार एकदाही येऊन गेला असेल तर आठवडाभराच्या वहीसाठी थांबू नका. 14416 या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या) क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. अधिकारी म्हणून तिथे कुणाला ओळख द्यावी लागत नाही.

राहिला पुन्हा परीक्षा देण्याचा प्रश्न. माझा त्याला विरोध नाही. पण हा निर्णय रात्री साडेअकराला क्वार्टरवर एकट्यानं घ्यायचा नाही. त्या वेळी परीक्षा आठवत नसते, अभ्यासिका आठवत असते. आधी एखाद्या प्रांताधिकाऱ्यांबरोबर, म्हणजे उपविभाग सांभाळणाऱ्या उपजिल्हाधिकाऱ्यांबरोबर, दोन दिवस घालवा. भूसंपादनाच्या सुनावण्या, अपिलं, मोर्च्याच्या दिवशीचा बंदोबस्त पाहा, आणि स्वतःला विचारा: निवड झाल्याचं कुणालाच कळणार नसेल, ना गावाला ना त्या ग्रुपला, तरी हे काम मला रोज करायला आवडेल का? 'हो' असेल तर जरूर तयारीला लागा. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे जुन्या नोट्सवर भागणार नाही, नोकरी सांभाळून किती तास मिळतील याचाही हिशेब लागेल. दरम्यान जाहिरात आली आणि मुदत संपत असेल तर अर्ज भरून ठेवा, शुल्क काही फार नसतं. निर्णय मात्र वही भरल्यावर आणि दाढ दाखवून झाल्यावर घ्या.